तांब्याचे बिल्ले आणि त्यांचे वाचक

अमेरिकेंतील गुलामगिरी म्हटली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें कापसाचें शेत, चाबूक घेतलेला मुकादम आणि टॉमकाकाची झोंपडी एवढेंच चित्र उभें राहतें. चित्र खरें असलें तरी अपुरें आहे. आणि अपुरें चित्र पुष्कळ दिवस डोळ्यांपुढें राहिलें म्हणजे तेंच पुरें वाटूं लागतें. शहरांत राहणारा, सकाळीं धन्याच्या घरांतून निघून बंदरावर जाणारा, दिवसभर तिऱ्हाइताचीं ओझीं उचलणारा आणि मिळालेली मजुरी धन्याच्या हातांत नेऊन ठेवणारा गुलाम आपल्या फारसा परिचयाचा नाहीं. या भाड्यानें दिल्या जाणाऱ्या गुलामाची एक खूण आजहि शिल्लक आहे. ती म्हणजे दक्षिण कॅरोलिनांतील चार्ल्स्टन शहराच्या नगरसभेनें दरसाल विकलेला तांब्याचा बिल्ला. या बिल्ल्यांविषयीं, आणि ज्या व्यवस्थेच्या पोटीं ते जन्मास आले तिच्याविषयीं, जीं पुस्तकें अलीकडे व पूर्वीं झालीं त्यांपैकीं कांहींचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तूकडे पाहूं. हा बिल्ला साधारण दीड ते दोन इंचांचा. कधीं वाटोळा, कधीं अष्टकोनी, पुष्कळदां चौकोन कोनावर उभा धरावा तसा. वरच्या बाजूस भोंक पाडलेलें, म्हणजे दोरी ओवून गळ्यांत घालतां यावा किंवा कपड्यास टांकतां यावा. त्यावर ठशानें उठविलेल्या चार गोष्टी: शहराचें नांव, धंद्याचें नांव, एक आंकडा आणि साल. धंद्यांचीं नांवें ठराविक आहेत. 'सर्व्हंट' आणि 'पोर्टर' हीं फार वेळां येतात. 'मेकॅनिक', 'फिशर', 'फ्रूटरर', 'हकस्टर' म्हणजे कारागीर, कोळी, फळवाला व फेरीवाला हीं त्याहून कमी. बिल्ले घडविण्याचें काम शहरांतील रुप्याचें काम करणाऱ्या सोनारांकडे व इतर धातुकारागिरांकडे जाई. लाफार नांवाच्या अशा एका सोनारानें कित्येक वर्षें हें काम केलें, आणि त्याचें नांव त्या बिल्ल्यांच्या पाठीवर ठसविलेलें सांपडतें. बिल्ल्यावर माणसाचें नांव आहे तें एवढेंच. तो ज्याच्या गळ्यांत पडला त्याच्या वांट्यास आंकडा आला.

चार्ल्स्टन शहर इंग्रजांच्या फौजेनें १७८२ च्या डिसेंबरांत सोडलें. पुढल्याच वर्षीं, १७८३ सालीं, शहरास नगरसभेची सनद मिळाली. आणि स्वातंत्र्यानें ताज्या झालेल्या या नगरसभेनें त्याच सालीं बिल्ल्यांचा पहिला ठराव केला. धन्याच्या घराबाहेर भाड्यानें काम करणाऱ्या गुलामास बिल्ला पाहिजे असें त्यांत होतें. एवढ्यावर न थांबतां, जे कृष्णवर्णीय गुलाम नव्हते त्यांनाहि बिल्ला बाळगण्याची सक्ती होती. या दुसऱ्या प्रकारचे थोडेसे बिल्ले उपलब्ध आहेत. त्यांवर काठीवर टांगलेली स्वातंत्र्याची टोपी कोरलेली असून 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द व आंकडा आहे. स्वतंत्र माणसानें आपण स्वतंत्र असल्याचें गळ्यांत बांधून हिंडावें, ही कल्पना ज्या सभागृहांत मंजूर झाली तेथें कोणास हंसूं आलें असेल असें वाटत नाहीं. ही पहिली व्यवस्था कांहीं वर्षांत बंद पडली. १८०० सालीं ती गुलामांपुरती पुन्हां सुरू झाली आणि यादवी युद्धाच्या अखेरीपर्यंत चालली.

व्यवस्थेचें अर्थकारण सरळ होतें. गुलाम हा धन्याचा पैसा. घरांत काम नसेल तेव्हां तो पैसा पडून राहूं नये म्हणून त्याला बाहेर मजुरीस लावावयाचें. दरसाल नगरसभेस फी देऊन धन्यानें बिल्ला घ्यावा, वर्ष सरलें कीं तो निकामी, मग दुसरा. फी धंद्यावरून ठरे. १८४० नंतरच्या सुमाराचे दर पाहिले तर घरकाम करणाऱ्याचे दोन डॉलर, हमालाचे चार, हातकारागिराचे सात, असा चढता क्रम दिसतो. बिल्ल्यावांचून काम करतांना गुलाम सांपडला तर धन्यास दंड आणि गुलामास 'वर्क हाउस' नांवाची कोठडी. ही इमारत पूर्वीं साखरेचा कारखाना होती. म्हणून गुलामाला तेथें फटके खाण्यास पाठविणें याला शहरांत थोडी साखर खाण्यास पाठविणें अशी थट्टेची भाषा रूढ झाली होती. १८२५ सालीं तेथें पायांनीं फिरवावयाचें दंडचक्र बसविण्यांत आलें. त्याच शहरांतील एका प्रतिष्ठित गुलामधारी घराण्यांत जन्मलेल्या अँजेलिना ग्रिम्के या बाईनें १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत या जागेचें जें वर्णन केलें आहे तें घरच्या माणसाची साक्ष म्हणून फार मोलाचें आहे.

या व्यवहारांत ओढाताण होती ती गोऱ्यांच्या आपसांत. गोरे सुतार, गवंडी, लोहार यांची तक्रार अशी कीं भाड्याचे गुलाम कमी दरानें काम करून आमचें पोट मारतात, तेव्हां ही पद्धत मुळांतूनच बंद करा. धन्यांना तर आपलें बसल्या जागचें उत्पन्न सोडावयाचें नव्हतें. बिल्ला हा या दोघांमधील तडजोडीचा तोडगा. आणि दोघांच्या भांडणांत नगरसभेच्या तिजोरीचें चांगलें चाललें.

आपल्या वाचकांस हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. १५८३ सालीं गोव्यास येऊन कांहीं वर्षें राहिलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन यानें लिहून ठेवलें आहे कीं तेथील कित्येक पोर्तुगीज आपल्या गुलामांच्या रोजच्या कमाईवरच आरामांत जगत. कोणी गुलाम पाणी वाहून विकी, कोणी बायका मुरंबे व शिवणकाम घेऊन बाजारांत बसत, आणि संध्याकाळीं पैसे धन्याच्या घरीं जात. गोव्यांत धातूचा बिल्ला नव्हता एवढाच फरक. चार्ल्स्टननें या जुन्या चालीला दप्तर, दरपत्रक आणि ठसा दिला.

आतां पुस्तकांकडे वळूं. बिल्ल्यांवरील मुख्य ग्रंथ म्हणजे हार्लन ग्रीन, हॅरी हचिन्स व ब्रायन हचिन्स या तिघांनीं मिळून २००४ सालीं प्रसिद्ध केलेला चार्ल्स्टनच्या बिल्ल्यांचा व गुलाम भाड्यानें देण्याच्या पद्धतीचा इतिहास. ठराव कोणत्या सालीं झाले, कसे बदलले, कोणत्या वर्षाचा बिल्ला कोणत्या आकाराचा, खोटा कसा ओळखावा, हें सारें या ग्रंथांत मन लावून जुळविलेलें आहे. असल्या विषयांत अर्धवट माहितीवर भावनेचे मनोरे उभारणारे लेखक फार असतात; त्यांच्या तुलनेनें या तिघांचा कोरडेपणा आम्हांस आवडला. परंतु ग्रंथ मिटल्यावर मनांत जी मूर्ति राहते ती बिल्ल्याची राहते, बिल्ला घालणाऱ्याची राहत नाहीं. याचा सगळा दोष ग्रंथकारांच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. बिल्ल्यावरच्या आंकड्यावरून माणसाच्या नांवापर्यंत जाण्याची वाटच आज उरलेली नाहीं. तरीहि आम्हांस असें वाटतें कीं जेथें धातु मुकी होते तेथें ग्रंथकारांनीं ज्यांना वाचा होती अशांना अधिक मोकळेपणानें बोलूं द्यावयास हवें होतें. असे बोलणारे आहेत. त्यांची गोष्ट पुढें येईलच.

त्याआधीं एका शब्दाविषयीं थोडें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ज्या बिल्ल्यांचीं छायाचित्रें आमच्या पाहण्यांत आलीं त्यांपैकीं एकावरहि 'गुलाम' या अर्थाचा शब्द नाहीं. ठरावांच्या मजकुरांत तो पानोपानीं येतो. रस्त्यावर चारचौघांत दिसणाऱ्या तांब्यावर मात्र 'सर्व्हंट'. दक्षिणेंतील धनी लोक घरांतहि हाच शब्द वापरीत. या शब्दाचें मराठी काय करावें? 'नोकर' म्हणावें तर नोकराला पगार असतो आणि तो नोकरी सोडूं शकतो. 'गडी' म्हणावें तर गड्याचें साल ठरतें आणि साल सरलें कीं तो आपल्या घरचा. खरे जवळचे शब्द आपल्या इतिहासांत आहेत, पण ते उच्चारतांना मान खालीं घालावी लागते: बटीक आणि कुणबीण. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री उघड होत असे, सरकारी कोठींत त्या कामास असत, आणि त्यांच्या किंमतींच्या नोंदी दप्तरांत आहेत. हिंदुस्थानांत गुलामगिरीस कायद्यानें मिळणारी मान्यता कंपनी सरकारनें काढून घेतली ती १८४३ सालीं. तेव्हां भाषांतरकारास आमची सूचना अशी कीं त्यानें 'सर्व्हंट' हा शब्द तसाच देवनागरींत ठेवावा. त्या शब्दानें जें झांकलें आहे तें मराठी शब्द घालून आणखी झांकूं नये.

'बिल्ला' या शब्दाचीहि हीच अडचण. मराठी वाचकाला बिल्ला म्हटला कीं कचेरीच्या दारांतला पट्टेवाला आठवतो, नाहीं तर आगगाडीच्या स्टेशनावरचा हमाल. पट्टेवाल्याच्या छातीवरील पितळ त्याला साहेबाच्या अधिकाराचा थोडासा वांटा देतें. हमालाच्या बिल्ल्यावर आंकडा असतो, आणि दिसण्यांत तो चार्ल्स्टनच्या बिल्ल्याचा अगदीं सख्खा भाऊ. पण हमाल हुज्जत घालून ठरवितो तो दर स्वतःसाठीं ठरवितो, आणि पैसे स्वतःच्या कनवटीस लावतो. एवढा भेद मनांत पक्का धरला तर दुसरा शब्द शोधण्याचें कारण नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें, तेव्हां या विषयाचे संबंध जोडण्याचें काम मराठींत फार पूर्वींच होऊन गेलें आहे. आतां संबंध जोडण्याबरोबर भेद ओळखण्याचीहि गरज आहे.

भाड्यानें राबणारा हा गुलाम शेतावरच्या गुलामापेक्षां अधिक मोकळा होता काय? इतिहासकारांमधील खरा वाद येथें आहे. रिचर्ड वेड यांचा शहरांतील गुलामगिरीवरील ग्रंथ १९६४ सालीं निघाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: शहर आणि गुलामगिरी यांचें जमणें कठीण. गुलाम गल्लीबोळांतून हिंडतो, स्वतः काम शोधतो, वेगळी खोली घेऊन राहतो, गुत्त्यांत आणि प्रार्थनामंदिरांत इतरांस भेटतो. धन्याचा हात त्याच्यापर्यंत पोंचेनासा होतो, आणि म्हणून शहरांतून गुलामगिरी हळूहळू विरघळत चालली होती. चार्ल्स्टनचे शिरगणतीचे आंकडे वरवर पाहतां वेड यांच्या बाजूचे दिसतात. १८५० सालीं शहरांत १९,५३२ गुलाम होते. १८६० सालीं ते १३,९०९ उरले.

क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं १९७६ सालीं या सिद्धांतावर जो घाव घातला तो आम्हांस निर्णायक वाटतो. गुलामगिरी शहरांत मोडकळीस आली असती तर शहरांतल्या गुलामाची किंमत व भाडें उतरावयास हवें होतें. तीं तर चढत होतीं. कापसाचा भाव वाढला, खेड्यांतील मळेवाल्यांनीं जास्त पैसे देऊं केले, आणि शहरांत गोरे मजूर मिळत असल्यामुळें शहरवासी धन्यांनीं आपले गुलाम तिकडे विकले. वेड ज्याला विरघळणें म्हणतात तें प्रत्यक्षांत मालाची एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत झालेली रवानगी होती. त्या साडेपांच हजारांहून अधिक माणसांच्या तुटीमागें किती घरें फुटलीं याचा हिशेब मात्र गोल्डिनबाईंच्या समीकरणांत येत नाहीं, आणि तो त्यांनीं द्यावा अशी अपेक्षाहि करतां येणार नाहीं.

तरीपण वेड यांचें पुस्तक टाकाऊ ठरत नाहीं. शहराच्या रस्त्यांचें त्यांनीं काढलेलें चित्र जिवंत आहे. त्यांची चूक चित्रांत नसून त्यांतून काढलेल्या अनुमानांत आहे. माणूस डोळ्यांआड झाला म्हणजे सुटला असें त्यांनीं धरलें. बिल्ला नेमका याचसाठीं होता कीं धन्याच्या डोळ्यांआड झालेला माणूस शहराच्या डोळ्यांपुढें असावा. कोणत्याहि गोऱ्या माणसानें वाटेंत थांबवून तो पाहावयास मागावा, आणि साल जुनें निघालें तर पहारेकऱ्यास हांक मारावी.

या प्रश्नाचें उत्तर पुराव्यांच्या जंत्र्यांपेक्षां एका आत्मचरित्रांत अधिक स्पष्ट मिळतें. फ्रेडरिक डग्लस यांनीं आपली कथा तीन वेळां सांगितली: १८४५, १८५५ आणि १८८१ सालीं. ते राहत तें बॉल्टिमोर शहर. तेथें चार्ल्स्टनसारखा बिल्ला त्यांच्या गळ्यांत नव्हता, परंतु भाड्याची पद्धत तीच होती. जहाजाच्या फळ्यांचे सांधे काथ्या ठोकून बुजविण्याचा धंदा ते शिकले. तो शिकण्यापूर्वीं एका गोदींत गोऱ्या उमेदवारांनीं त्यांना मरेपर्यंत मारलें होतें, आणि आजूबाजूस उभ्या असलेल्या गोऱ्या सुतारांपैकीं एकहि मध्यें पडला नव्हता; चार्ल्स्टनच्या कारागिरांच्या तक्रारींची दुसरी बाजू ती हीच. धंदा हातीं आल्यावर दिवसाला दीड डॉलरपर्यंत मजुरी मिळूं लागली. शनिवारीं रात्रीं ते सगळे पैसे धनी ह्यू ऑल्ड याच्यापुढें ठेवीत. सहा डॉलर आणले तर धनी एखादे वेळीं सहा सेंट परत देई, उत्तेजन म्हणून.

या सहा सेंटांवर डग्लस यांनीं जें लिहिलें आहे त्याला आम्हीं या सगळ्या वाङ्मयांत पहिलें स्थान देऊं. त्यांना त्या बक्षिसाचा आनंद झाला नाहीं. धन्यानें कांहीं परत दिलें याचा अर्थच असा कीं सगळेंच आपलें आहे हें तो मनांतून जाणतो. हे सेंट हातांत घेतांना त्यांना अधिकच अपमान वाटे. पुढें १८३८ सालीं त्यांनीं आपला वेळच भाड्यानें घेण्याची परवानगी मिळविली. अटी अशा: काम स्वतः शोधावें, जेवणखाण, कपडे, हत्यारें स्वतःच्या खर्चानें, पाऊस पडो, आजार येवो, काम मिळो न मिळो, दर आठवड्यास तीन डॉलर धन्यास पोंचले पाहिजेत. म्हणजे धन्यास गुलामगिरीचा सर्व फायदा आणि त्रास एकहि नाहीं. डग्लस यांच्याकडे गुलामाची सगळी कष्टाई राहून स्वतंत्र माणसाची काळजी वर आली. आणि इतकें असूनहि, ते सांगतात, पूर्वीपेक्षां ही स्थिति बरी वाटली.

येथें थांबून विचार करण्यासारखें आहे. वेड यांना जो मोकळेपणा दिसला तो डग्लस यांनींहि नाकारलेला नाहीं. त्यांनीं त्याची किंमत आंत राहून, पैच्या हिशेबानें सांगितली. बाहेरून पाहणाऱ्यास हा मनुष्य स्वतः काम ठरवितो, स्वतःच्या पायांनीं जातो, स्वतःच्या हातांनीं पैसे घेतो एवढें दिसतें. शनिवारची रात्र त्याला दिसत नाहीं. पुढें एकदां एका धार्मिक मेळाव्यास गेल्यामुळें डग्लस यांचे पैसे वेळेवर पोंचले नाहींत, तेवढ्यावरून परवानगी काढून घेण्यांत आली. धन्यानें दिलेला वेळ धन्यानें एका वाक्यांत परत घेतला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ३ सप्टेंबर १८३८ रोजीं, डग्लस बॉल्टिमोर सोडून पळाले. कसे पळाले हें त्यांनीं १८४५ च्या पुस्तकांत मुद्दाम सांगितलें नाहीं, कारण त्याच वाटेनें जाणाऱ्या इतरांस धोका होता. १८८१ सालीं, गुलामगिरी नष्ट झाल्यावर, त्यांनीं तें उघड केलें: एका खलाशी मित्राचा संरक्षणपत्राचा कागद त्यांनीं जवळ बाळगला होता. कागदांतलें वर्णन त्यांच्याशीं जुळत नव्हतें, पण वर अमेरिकेचा गरुड छापलेला होता, आणि आगगाडीच्या कंडक्टरनें गरुडाकडे पाहून पुढें चाल केली. ज्या राज्यव्यवस्थेंत माणसापेक्षां त्याच्याजवळच्या छापावर विश्वास होता तिला छापानेंच चकविण्यांत आलें.

जोनाथन मार्टिन यांचा भाड्याच्या गुलामांवरील ग्रंथहि २००४ सालचाच. धनी, भाडेकरी आणि गुलाम असा त्रिकोण मांडून, धनीपण दोघांत वांटलें गेल्यानें गुलामास कोठें फट सांपडे आणि कोठें दोहोंकडून चेंगरावें लागे, हें त्यांनीं फिर्यादींच्या कागदांतून दाखविलें आहे. भाडेकऱ्यानें गुलामास इजा केली तर धनी कोर्टांत जाई तो आपल्या मालाच्या नुकसानीबद्दल. ग्रंथ विद्वत्तेचा आहे, वाचावयास थोडा जड आहे. पण डग्लस वाचून झाल्यावर तो वाचला तर जडपणा जाणवत नाहीं.

आतां ज्या पत्रांचा उल्लेख आम्हांस करावयाचा होता तीं. १९३५ सालीं दक्षिण कॅरोलिनांतील स्टेटबर्ग येथें एका जुन्या घराखालीं खेळणाऱ्या मुलींना कागदांचें पुडकें सांपडलें. हें घर एलिसन कुटुंबाचें. मूळ पुरुष विल्यम एलिसन हा स्वतः जन्मानें गुलाम. कापसांतून सरकी काढण्याचीं यंत्रें करण्याच्या कसबावर त्यानें आपली सुटका विकत घेतली, आणि १८६० सालीं त्याच्या मालकीचे ६३ गुलाम होते. या गोष्टीनें दचकणाऱ्या वाचकांस आम्ही दोष देत नाहीं. पुडक्यांतील पत्रांत त्याचा जांवई जेम्स जॉन्सन यानें चार्ल्स्टनहून मेहुणा हेन्री एलिसन यास लिहिलेलीं पत्रें होतीं. जॉन्सन धंद्यानें शिंपी, स्वतंत्र कृष्णवर्णीय, प्रतिष्ठित, चर्चला नियमानें जाणारा. मायकेल जॉन्सन व जेम्स रोअर्क यांनीं संपादून हीं पत्रें १९८४ सालीं प्रसिद्ध केलीं.

पार्श्वभूमि अशी कीं १८२० पासून दक्षिण कॅरोलिनांत धन्याला आपल्या गुलामास मुक्त करण्याचा अधिकार उरला नव्हता. तें काम फक्त कायदेमंडळाचें. पुष्कळ धन्यांनीं आडवाटा काढून गुलामांस स्वतंत्रासारखें वागूं दिलें. पिढ्या गेल्या, या लोकांनीं घरें केलीं, कर भरला, लग्नें केलीं. कायद्याच्या दृष्टीनें ते गुलामच राहिले. १८६० च्या उन्हाळ्यांत, राज्य फुटून निघण्याच्या गोष्टी चालूं असतां, अधिकाऱ्यांनीं घरोघर जाऊन स्वातंत्र्याचे कागद मागण्यास सुरुवात केली. कागद दाखवा, नाहीं तर गुलामाचा बिल्ला घ्या. ऑगस्ट महिन्यांत शेंकडों माणसांनीं बिल्ले घेतले.

जॉन्सनचीं पत्रें या दिवसांतलीं आहेत. त्याचें लिहिणें सावध, सभ्य, मधूनच घरगुती गप्पांकडे वळणारें, आरडाओरड नाहीं. कोण घाबरलें, कोण उत्तरेकडे जाण्याच्या तयारींत आहे, कोणाला काय विकावें लागलें, आणि आपण काय करावें याचा विचार. जो माणूस काल शेजारी होता तो आज बिल्ला घेऊन आला, हें सांगतांना त्याच्या लेखणीला येणारा आवरतेपणा आम्हांस कोणत्याहि आक्रोशापेक्षां जास्त बोलका वाटला. संपादकांनीं टिपा भरपूर दिल्या आहेत, क्वचित् जरुरीपेक्षां भरपूर. पण नातींगोतीं उलगडून दिल्यामुळें पत्रें परक्यासहि समजतात. बिल्ल्याच्या अभ्यासकांनीं या पत्रांना परिशिष्टाची जागा न देतां मध्यभागीं बसवावें असें आमचें मत आहे. सत्तर वर्षें ज्या तांब्यानें गुलामाची कमाई मोजली, त्यानें अखेरच्या वर्षांत स्वतंत्र माणसाला गुलाम करण्याचें काम केलें. 'सर्व्हंट १८६०' असें लिहिलेला बिल्ला ज्या संग्रहालयांत असेल तेथें शेजारीं जॉन्सनचें एक पत्र असावयास हवें.

संग्रहालयांचा विषय निघाला म्हणून थोडें. आज हे बिल्ले फार महाग झाले आहेत. धातु शोधणारीं यंत्रें घेऊन लोक जुन्या जागा खणतात, लिलावांत चढाओढ लागते, आणि जेथें चढाओढ तेथें खोटे माल आलेच. ज्या शहरांतून एकहि अस्सल बिल्ला मिळालेला नाहीं त्यांच्या नांवाचेहि बनावट बिल्ले विकले जातात. जो बिल्ला खाजगी खणाखणींत निघतो तो आपली जागा मागें टाकून येतो. कोणत्या घराच्या, कोणत्या चुलीच्या, कोणत्या विहिरीच्या जवळ तो पडला होता हें कोणास सांगतां येत नाहीं, आणि नांव आधींच नसलेल्या वस्तूचा उरलासुरला ठावठिकाणाहि जातो. २०२१ सालीं चार्ल्स्टन कॉलेजाच्या आवारांत विद्यार्थ्यांच्या शास्त्रीय उत्खननांत १८५३ सालचा एक 'सर्व्हंट' बिल्ला निघाला, तेव्हां त्याच्या भोंवतालची माती, राख व भांड्यांचे तुकडे यांचीहि नोंद झाली. असा एक बिल्ला लिलावांतल्या पन्नासांपेक्षां अधिक सांगतो.

ज्या वाचकांस या विषयांत शिरावयाचें असेल त्यांनीं प्रथम डग्लस यांचें १८४५ चें लहान पुस्तक घ्यावें. तें दोन संध्याकाळांत वाचून होतें. १८५५ ची मोठी आवृत्ति त्यानंतर, कारण तींत भाड्याच्या व्यवहाराचा विचार अधिक सावकाश केलेला आहे. मग जॉन्सनचीं पत्रें. ग्रीन-हचिन्स यांचा ग्रंथ जवळ ठेवून लागेल तसा उघडावा, आणि वेड वाचावयाचे तर गोल्डिन सोबत घेऊन वाचावे. बिल्ल्यांच्या चित्रांकडे सर्वांत शेवटीं वळावें असें आम्ही सुचवूं. त्या वेळीं 'पोर्टर' या अक्षरांखालचा आंकडा वाचतांना शनिवारची रात्र, सहा सेंट आणि १८६० च्या ऑगस्टांतलें दार ठोठावणें हीं वाचकाजवळ आधींच असतील.